ऊब अडवायची, वीज सोडायची

एक तळहात स्टीलच्या ताटावर ठेवा, दुसरा प्लास्टिकच्या डब्यावर. दोन्ही वस्तू सकाळपासून याच खोलीत आहेत, म्हणजे दोन्हींचं तापमान एकच. तरी स्टील गार लागतं. घाई नको, हात तसेच राहू द्या. तुमच्या हातातली ऊब स्टील भराभर ओढून नेतंय, म्हणून हा गारवा. प्लास्टिकवरचा हात एव्हाना आपल्याच उबेत स्थिरावला असेल.

आता लक्ष त्या प्लास्टिकवर आणा. हाताखालची बाजू उबदार, आतली बाजू तिच्यापेक्षा गार. मधल्या मिलिमीटरभर जाडीत तापमानाचा एक उतार आहे. तो उतार मनात धरून ठेवा.

पदार्थ वीजवाहक असेल, तर त्या उतारावरून विद्युतभार गरम टोकाकडून थंड टोकाकडे सरकू पाहतात. १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस झेबेक यांनी दोन वेगळे धातू जोडून वेटोळं केलं, एक सांधा तापवला, आणि जवळची चुंबकसुई हलली. त्यांना वाटलं, उष्णतेतून चुंबकत्व निघालं. खरं तर वेटोळ्यातून वीज वाहत होती. धातूची अडचण मात्र स्टीलवरच्या हाताला आधीच कळली आहे. तो वीज नेतो तशीच ऊबही नेतो, आणि दोन्ही टोकं सारखी झाली की सारं थांबतं.

प्लास्टिक उतार राखतं, पण त्यात सरकायला कुणीच नसतं. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीन या प्लास्टिकच्या पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली. आयोडिनने त्याच्या रेणूंच्या लांब साखळीतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले, रिकाम्या जागा साखळीवरून फिरू लागल्या आणि वाहकता सुमारे कोटीपटीने वाढली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

इथे जरा रेंगाळू. मन म्हणेल, मग अजून काढा इलेक्ट्रॉन, अजून वाढवा वाहकता. वाहकता वाढतेही. पण फिरणारे जितके जास्त, तितका दर अंशामागे मिळणारा विद्युतदाब कमी. उलट फिरणारे अगदी मोजके ठेवले, तर दाब चांगला येतो आणि प्रवाह नावापुरता उरतो. या दोन टोकांमध्ये मनाने एकदा सावकाश जाऊन या. कुठे थांबाल?

स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठात झावियर क्रिस्पिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पेडॉट नावाच्या पॉलिमरवर, म्हणजे अशाच साखळ्यांच्या प्लास्टिकवर, नेमका हाच थांबा शोधला. इलेक्ट्रॉन आधीच काढलेल्या पापुद्र्याला त्यांनी एका वाफेच्या मदतीने थोडे इलेक्ट्रॉन परत दिले. किती परत द्यायचे, त्यातच सगळं कसब होतं. मला या शोधातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. पदार्थ उष्णतेतून किती चांगली वीज काढतो, ते सांगणारा गुणवत्तेचा आकडा ०.२५पर्यंत गेला. या कामासाठी कित्येक दशकं वापरात असलेल्या बिस्मथ टेल्युराइडचा आकडा एकच्या आसपास असतो. पण ते ठिसूळ, आणि त्यातलं टेल्युरियम दुर्मीळ.

२०२४ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी दोन पॉलिमरांचे काही नॅनोमीटरचे थर आलटून पालटून रचले. थरांच्या सीमेवर उष्णतेची कंपनं विखुरतात, विद्युतभार बरेचसे निभावून जातात. सुमारे ९५ अंश सेल्सियसला आकडा १.२८ झाला.

आता असा एक पापुद्रा पट्टीसारखा मनगटावर आहे असं समजा. त्वचा साधारण ३३ अंशांवर, खोली २५. फरक आठ अंशांचा, पण त्यातला मोठा हिस्सा त्वचेत आणि भोवतालच्या हवेतच खर्ची पडतो. पट्टीच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक अंशामागे पेडॉट मायक्रोव्होल्टांत मोजण्याइतकाच विद्युतदाब देतं, म्हणून दोन पॉलिमर-पायांच्या शेकडो जोड्या ओळीने जोडाव्या लागतात. जोडीतला एक पाय पेडॉटसारखा रिकाम्या जागा वाहणारा, तर दुसरा इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या पॉलिमरचा हवा, आणि तसली बरीच पॉलिमरं हवेत लवकर बिघडतात.

हीच पट्टी बांधून मनाने मे महिन्यातल्या नागपुरात जा. बाहेर ४५ अंश. तिथे ऊब हवेतून अंगात शिरते. उतार उलटा, म्हणून वीजही उलट्या दिशेने येणार. पट्टीला जोडलेल्या सर्किटला दोन्ही दिशा चालायला हव्यात.