धार आणि झीज

दुसऱ्याचा दोष काढण्याचा अधिकार कोणास पोंचतो, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचा विचार करण्यास गवत कापण्याच्या हातयंत्राचा दृष्टान्त उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

हें यंत्र इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यानें शोधून काढिलें व १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. लोंकरीच्या कापडावरील लव कातरणारें यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. यांत पिळदार पातीं रुळाबरोबर फिरतात आणि त्यांखालीं एक आडवें पातें स्थिर असतें. कात्रीप्रमाणें दोहोंच्या भेटींत गवत कापलें जातें.

यंत्र नीट चालेनासें झालें म्हणजे गवताचे शेंडे फाटतात व हिरवळ पिंगट दिसूं लागते. दोष फिरत्या पात्यांस दिला जातो, कारण तींच डोळ्यांपुढें असतात. परंतु पुष्कळदां पात्यांतील अंतर तेवढें वाढलेलें असतें. स्क्रू बेतानें फिरवून, मध्यें धरलेला कागद स्वच्छ कापला जाईपर्यंत तें कमी केलें म्हणजे काम भागतें. अधिक आवळल्यास पातीं एकमेकांसच खातात. धार खरोखरच गेली असेल तर बारीक घासणारी पूड वंगणांत कालवून पात्यांस फांसतात व रूळ उलटा फिरवितात. तेव्हां फिरतीं पातीं झिजतात, तसेंच स्थिर पातेंही झिजतें. आणि म्हणूनच तीं एकमेकांस जुळतात.

घरांतील वडील माणूस, शाळेंतील गुरुजी, मासिकांतील टीकाकार हे स्वतःस स्थिर पातें समजतात. आपण हललों नाहीं, त्या अर्थीं आपली धार गेली नाहीं, अशी त्यांची समजूत असते. यावर कोणी म्हणेल, स्वतः निर्दोष झाल्यावांचून बोलावयाचें नाहीं असें ठरविल्यास मुलांस वळण कोणी लावावें? आक्षेप रास्त आहे. पण निर्दोषपणाची अट आम्ही घालीत नाहीं. आळसाबद्दल मुलास रागें भरणाऱ्या बापानें, मुलानें तोच प्रश्न उलट विचारला असतां, त्यास उद्धट न म्हणतां उत्तर द्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक वेळीं धार लावतांना थोडें पोलाद जातें, व गेलेलें परत येत नाहीं. म्हणून जाणता माणूस आधीं अंतर तपासतो, मगच घासावयास बसतो. माणसांच्या बाबतींत हा क्रम आपण सहसा पाळीत नाहीं.