अमर प्राण्यांचें मरण

खेळण्यांच्या निमित्तानें नीतिशास्त्राची चर्चा करणें कित्येक वाचकांस पोरकटपणाचें वाटण्याचा संभव आहे. परंतु मनुष्याचें मन कोणत्या वस्तूवर जडावें हें तत्त्ववेत्त्यांना विचारून ठरत नसतें; आणि मन एकदां जडलें, म्हणजे त्याच्या मागोमाग कर्तव्याचा प्रश्न आल्याशिवाय राहत नाहीं. चिंध्यांची बाहुली चुलींत टाकणाऱ्या वडील माणसानें चिंध्यांहून अधिक कांहीं जाळलें, हें मुलाला कोणी शिकवावें लागत नाहीं. प्रस्तुत लेखाचा प्रश्नही असाच दिसावयास लहान आहे. एखाद्यानें एक वस्तु निर्माण केली, दुसऱ्यांनीं तिच्यावर जीव लावावा अशी बुद्धिपुरस्सर योजना केली, आणि लोकांनीं तो लावला. तर पुढें ती वस्तु आपल्या सोयीप्रमाणें बदलण्याचा किंवा मोडून टाकण्याचा अधिकार त्या निर्मात्याकडे कितपत उरतो?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. १५ नोव्हेंबर १९९९ रोजीं ॲडम पॉवेल आणि डोना विल्यम्स या दोघां ब्रिटिश तरुणांनीं इंटरनेटवर 'निओपेट्स' नांवाचा एक खेळ सुरू केला. निओपिया नांवाच्या काल्पनिक जगांत शिरावें आणि एखादा प्राणी पाळावा, हें त्याचें मूळ सूत्र. प्राण्यांच्या जाती पन्नासांहून अधिक. कोणी ड्रॅगनासारखा, कोणी लांडग्यासारखा, तर कोणी पृथ्वीवरील कोणत्याच जीवासारखा नाहीं. पाळणारानें आपल्या प्राण्याला नांव द्यावें, खाऊ घालावें, पुस्तकें वाचून दाखवावीं, आजारांत औषध द्यावें. निरनिराळे छोटे खेळ खेळून तेथील नाणें मिळवावें. आणि पुरेशी पुंजी जमली म्हणजे एखादा दुर्मिळ कुंचला विकत घेऊन प्राण्याचा रंग पालटावा, असा हा सारा प्रपंच. एका प्राण्याचें नांव त्या सबंध जगांत दुसऱ्या प्राण्याला देतां येत नसे. आपल्या प्राण्याचें पान सजवितां सजवितां कित्येक मुलें संकेतस्थळें रचण्याची भाषा शिकलीं. २००५ सालीं व्हायकॉम या अमेरिकन कंपनीनें हा खेळ १६ कोटी डॉलरांस विकत घेतला. मुलांच्या जिव्हाळ्याला बाजारांत काय मोल येऊं शकतें, हें त्या आंकड्यावरून दिसतें.

या जगाचें एक वैशिष्ट्य मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तेथें मृत्यु नाहीं. प्राण्याला दीर्घ काळ उपाशी ठेवलें तर तो मरणाच्या दारीं आहे अशी नोंद दिसते. पण तो तें दार कधीं ओलांडीत नाहीं. १९९६ सालीं जपानांत बांदाई कंपनीनें काढलेल्या 'तामागोची' या अंडाकृति खेळण्यांतला प्राणी दुर्लक्षानें मरत असे. निओपेट्सच्या निर्मात्यांनीं मुलांना त्या दुःखापासून वांचविलें. या दयाळूपणांत एक अकथित वचन मात्र होतें: तूं विसरलास तरी तुझा प्राणी येथें राहील. हें वचन गोड खरें; पण जेथें मरण नाहीं तेथें निरोपाची रीतही नसते. म्हणून त्या जगांत लोप पावण्याची वेळ जेव्हां आली, तेव्हां तिला सामोरें कसें जावें हें ना निर्मात्यांना ठाऊक होतें, ना पाळणारांना.

ती वेळ २००७ सालच्या एप्रिल महिन्यांत आली. प्राण्यांना वस्त्रें आणि अलंकार घालण्याची सोय त्या महिन्यांत करण्यांत आली. एकच अंगरखा एका जातीच्या सर्व रंगांच्या प्राण्यांना बसावयाचा, तर त्या सर्वांच्या देहाची ठेवण एकच हवी; म्हणून जुनीं चित्रें बाजूस सारून नवीं काढण्यांत आलीं. पूर्वीं कोणी पंख पसरून तरंगत असे, कोणी दांत विचकून झेपेच्या तयारींत असे, कोणी राजवेषांत ऐटीनें उभा असे. नव्या व्यवस्थेंत ते सारे कवाइतीला उभे केल्यासारखे एका पवित्र्यांत दिसूं लागले. बहुतेकांचें रूपांतर आपोआपच झालें. कांहीं निवडक रंगांच्या बाबतींत जुनें रूप ठेवण्याची मोकळीक पाळणाराला मिळाली. परंतु जुन्या रूपाला त्या वेळीं वस्त्रें नव्हतीं, आणि नवें रूप एकदां घेतलें कीं परतीची वाट नव्हती. त्याच वर्षीं खऱ्या पैशानें वस्त्रें विकणारें दुकानही निओपियांत उघडलें; तेव्हां या सुधारणेमागील व्यवहार लपून राहण्यासारखा नव्हता.

येथें कंपनीच्या वतीनें एक तार्किक आक्षेप घेतां येईल. प्राणी गेला कोठें? नांव तेंच, वय तेंच, बळ तेंच, पाळणाराही तोच. चित्र तेवढें बदललें. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु राजाला विचारतो कीं, रथ म्हणजे चाक, कीं आंस, कीं जूं? आणि यांपैकीं एकही रथ नव्हे, 'रथ' हा व्यवहारापुरता शब्द आहे, असें निष्पन्न होतें. हाच न्याय येथें लावला तर प्राणी म्हणजे चित्रही नव्हे आणि संगणकांतील नोंदही नव्हे. मग हरपलें तें काय? युक्तिवाद बिनतोड दिसतो, पण तो निराळ्याच प्रश्नाचें उत्तर देतो. शोक करणारा मनुष्य वस्तूचें तत्त्व हरवलें म्हणून शोक करीत नाहीं, तिच्याशीं असलेला संबंध तुटला म्हणून करतो. पसरलेल्या पंखांच्या एका चित्रासाठीं वर्षभर नाणीं सांठविणारी एखादी मुलगी कल्पावी. तिचा संबंध त्या पंखांशीं होता. नांव कायम ठेवून रूप पालटल्यानें तिची हानि कमी होत नाहीं, उलट वाढते. कारण हरवलेल्याला हरवलें म्हणण्याचीही तिला सोय राहत नाहीं.

दुसरा आक्षेप मालकीचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. अशा खेळांच्या करारनाम्यांत सर्व कांहीं कंपनीचें असतें. पाळणाराकडे असते ती केवळ वापरण्याची परवानगी. शिवाय ज्या जगांत कांहींच बदलतां येत नाहीं तें जग नव्हे, वस्तुसंग्रहालय होय. घर चालवावयाचें तर पैसा लागतो. वस्त्रांची विक्री झाली नसती तर तो खेळ पुढें किती तग धरता, हाही विचार केला पाहिजे. हें सर्व मान्य आहे. परंतु करारानें चित्राची मालकी ठरते, प्रेमाची ठरत नाहीं. पाळणारानें लावलेला जीव ही त्याची निर्मात्याकडे ठेविलेली ठेव आहे, आणि ती निर्मात्यानें स्वतः मागून घेतलेली आहे. रोज येऊन खाऊ घाल, नांव दे, काळजी घे, असें त्यानेंच शिकविलें. ठेवीला विश्वस्तानें कधींच हात लावूं नये असें नाहीं. पण लावण्यापूर्वीं विचारावें आणि लावल्यावर हिशेब द्यावा, एवढें तरी त्याच्याकडे मागतां येतें.

मालकी हातोहात गेली म्हणजे हें ऋण फिटतें काय? २०१४ सालीं हा खेळ जंपस्टार्ट कंपनीकडे आला, आणि २०१७ सालीं ती कंपनीच नेटड्रॅगन या चिनी कंपनीनें घेतली. वचन देणारे केव्हांच निघून गेले होते. तथापि खरेदी करणारानें पैसे मोजले ते कशाचे, हें पाहिलें म्हणजे शंका राहत नाहीं. रंगविलेल्या चित्रांना कोणी १६ कोटी डॉलर देत नाहीं. तीं चित्रें पाहण्यासाठीं रोज येणाऱ्या मुलांच्या ओढीची ती किंमत होती. ज्यानें ओढ विकत घेतली, त्यानें तिच्यावरचें ऋणही विकत घेतलें.

मात्र सर्वच लोपांना एक माप लावणें अन्यायाचें होईल. निओपियांतले अनेक छोटे खेळ 'फ्लॅश' या तंत्रावर उभारलेले होते. ॲडोबी कंपनीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्या तंत्राचा सांभाळ थांबविला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तें चालण्याचेंच बंद केलें. पायाखालची जमीन खचल्यावर वर राहणाराला दोष देतां येत नाहीं. फार तर त्यानें वेळींच दुसरी जागा कां शोधली नाहीं, एवढें विचारतां येईल. 'की क्वेस्ट' नांवाचा, सोबत्यांशीं खेळावयाचा पटावरचा खेळ तर त्याच्या पूर्वींच बंद झाला होता. रूप पालटणें, तंत्र जीर्ण होणें आणि एखादा भाग सोडून देणें, या तिन्ही गोष्टी पाळणाराला सारख्याच दुःखद. पण पहिलींत निवड होती, दुसरींत निरुपाय होता, आणि तिसरींत बहुधा हिशेब होता. नैतिक दोष निवडीबरोबर वाढतो.

घडविलेली प्रिय वस्तु मोडण्याचा विधि आपल्या परंपरेला अपरिचित नाहीं. पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते, आणि ठरल्या दिवशीं त्याच मूर्तीचें विसर्जन होतें. डोळे ओले होतात, पण विश्वासघात झाला असें कोणी म्हणत नाहीं. कारण शेवट आरंभींच ठाऊक असतो. ज्यांनीं आवाहन केलें तेच निरोप देतात. आणि निरोप म्हणून तो मोठ्यानें उच्चारला जातो. निओपियांत यांपैकीं कांहींच नव्हतें. शेवट नाहीं असेंच तेथें सांगितलेलें होतें, विसर्जन दुसऱ्याच हातांनीं केलें, आणि त्याला सुधारणा असें नांव दिलें. अन्याय मोडण्यांत नव्हता. निरोप चुकविण्यांत होता.

परंतु सारा दोष निर्मात्यांच्या माथीं मारून पाळणारांनाही मोकळें होतां येत नाहीं. जुन्या रूपांतले जे थोडे प्राणी उरले, तसे नवे पुन्हां होणें शक्य नव्हतें. म्हणून ते दुर्मिळ झाले, आणि दुर्मिळ होतांच त्यांची देवघेव सुरू झाली. एका जुन्या रूपाच्या बदल्यांत किती नवे प्राणी द्यावे, नांव सुबक असल्यास किती अधिक, असे हिशेब होऊं लागले. ज्याच्या एकमेवपणासाठीं शोक केला, तोच हातोहात फिरणारें चलन झाला. कांहींनीं जुना प्राणी निव्वळ मायेनें जपला हें खरें. पण स्मरण आणि संग्रह यांमधील सीमा किती पुसट आहे, हें या लहानशा जगानें मोठ्या जगाइतकेंच स्पष्ट दाखविलें.

मग निर्मात्याकडे मागावयाचें तें काय? अमरत्व तर खास नव्हे. तें कोणालाच देतां येत नाहीं, आणि म्हणूनच त्याचें वचन देऊं नये. पालटावयाचें असेल तेव्हां पुरेशी पूर्वसूचना द्यावी. शक्य तेथें जुनें ठेवण्याची निवड द्यावी, आणि ती निवड सर्वांना सारखी द्यावी. जें राखतां येणार नाहीं त्याचें चित्र आणि वर्णन कोठें तरी जतन करावें. आणि गेलेल्याला गेलें म्हणावें. यांत खर्च थोडा आहे, आदर पुष्कळ आहे. २०२३ सालीं निओपेट्सची मालकी त्याच्याच व्यवस्थापकांकडे येऊन तो खेळ स्वतंत्र झाला, तेव्हां १९९९ सालच्या मुलांनीं तिशी ओलांडलेली होती. इतक्या वर्षांनीं परतणाऱ्या प्रौढ माणसाला तेथें नवे अलंकार नको असतात. आपण जें सोडून गेलों तें होतें, एवढें कोणी कबूल करावें, असें त्याला वाटतें.

हा विचार एका खेळापुरता राहत नाहीं. आज आपलीं पत्रें, छायाचित्रें, आईबापांचे आवाज, सर्व कांहीं दुसऱ्यांच्या कोठारांत ठेवलेलें आहे, आणि तीं कोठारें कोणत्या दिवशीं पालटतील हें आपल्या हातीं नाहीं. त्या रूपांतराची पहिली चुणूक कांहीं मुलांना एका चित्रांतल्या प्राण्याच्या निमित्तानें मिळाली. वडील माणसांनीं त्यांच्या दुःखाला हंसण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या ठेवी कोणाकडे आहेत, आणि त्या ठेवणाराला निरोपाची रीत ठाऊक आहे कीं नाहीं, याची एकदां चौकशी करावी.