तांदळाच्या डब्यातली गोळी

आमच्या मोहल्ल्यातील एक खाला संततिनियमनाच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवीत असत. चार मुले झाली होती, पाचव्याची ताकद अंगात नव्हती. घरात विषय काढला असता तर ‘गुनाह’ हा एकच शब्द ऐकावा लागला असता. एकदा डोके असह्य दुखू लागले म्हणून त्यांना दवाखान्यात नेले. रक्तदाब फार वाढलेला निघाला. ‘कसल्या गोळ्या चालू आहेत का?’ असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा शेजारी शौहर उभे होते. खाला म्हणाल्या, ‘नाही.’ पुष्कळ वर्षांनी त्यांनीच हे आम्हाला सांगितले. त्या वाचल्या, पण त्यांच्या तोंडून ते ‘नाही’ कोणी वदवले, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

गोळी विष नाही आणि खडीसाखरही नाही. सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांत दोन संप्रेरके असतात, ती स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत. उरलेल्या ७ लोहाच्या. एकही दिवस न चुकता घेतल्यास वर्षभरात शंभरांत एका स्त्रीलाही गर्भ राहत नाही. पण विसरण्या-चुकण्यासह प्रत्यक्षात हे प्रमाण शंभरांत सात ते नऊपर्यंत जाते. घरात पाहुणे असताना ज्या बाईला डबा उघडता येत नाही, तिची गोळी चुकणारच.

पहिले दोन-तीन महिने मळमळ, डोकेदुखी, मधेच रक्ताचे डाग हे त्रास अनेकींना होतात आणि बहुधा आपोआप थांबतात. खरी भीती शिरेत रक्ताची गुठळी होण्याची. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला एक ते पाच जणींना ती होते, घेणाऱ्यांत साधारण तीन ते नऊ जणींना. आणि गरोदरपणात हाच आकडा पाच ते वीसपर्यंत जातो. म्हणजे धोका थोडा, पण सगळ्यांना सारखा नाही. रक्तदाब असलेली, डोळ्यांपुढे झगमगून अर्धशिशी उठणारी, पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी, पूर्वी गुठळी झालेली आणि सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाला अंगावर पाजणारी स्त्री यांनी ही गोळी घेऊ नये. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘सहेली’ ही निराळी गोळी १९९१पासून उपलब्ध आहे. तीत ही संप्रेरके नाहीत. पण कोणाला काय चालेल हे ठरवायला आधी मोकळा प्रश्न आणि खरे उत्तर लागते. तेच आपल्या घरांत मिळत नाही.

मग आपण धर्माकडे बोट दाखवतो. वास्तविक, पैगंबरांच्या हयातीत सहाबा ‘अज्ल’ करीत आणि त्यांना मनाई झाली नाही, असे हजरत जाबिर यांचे कथन हदीसच्या ग्रंथांत आहे. इमाम गझाली यांनी अज्ल जायज मानताना पत्नीचा जीव जपणे हेही एक योग्य कारण म्हणून नोंदले. आणि बहुतेक फकीहांनी एक अट घातली: पत्नीची संमती. अज्लमध्ये तिच्या शरीरात काहीच जात नाही, तरीही तिला विचारायचे. मग जी गोळी तिच्या रक्तात उतरते, तिच्याबाबत तिचा शब्द किती वजनाचा असायला हवा?

कायमच्या नसबंदीबाबत उलेमांचे मत वेगळे आणि कडक आहे, हे खरे. १९७५ ते ७७च्या आणीबाणीतील सक्तीच्या आठवणीही आपण विसरलेलो नाही. त्या सक्तीत माणसाला न विचारता त्याच्या शरीराचा निर्णय झाला, याचाच आपल्याला संताप आला होता. १९५६ साली प्वेर्तो रिकोतील गरीब स्त्रियांवर या गोळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हाही असेच झाले. गर्भ राहणार नाही एवढे त्यांना सांगितले. हा प्रयोग आहे हे सांगितले नाही. आजच्या कितीतरी पट मात्रा होती. डॉ. एड्रिस राइस-रे यांनी सुमारे १७ टक्के स्त्रियांना त्रास होत असल्याचे कळवले. वरिष्ठांनी ते मनावर घेतले नाही. १९६०मध्ये अमेरिकेत गोळीला परवानगी मिळाली. १९७०मध्ये तिथल्या सिनेटपुढे दुष्परिणामांची सुनावणी झाली, तेव्हा गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीला साक्षीला बोलावले नव्हते. प्रेक्षकांतल्या तरुणींनी उभे राहून जाब विचारला. त्याच वर्षी पाकिटात माहितीचा कागद घालण्याचा आदेश निघाला.

सरकारने विचारले नाही, संशोधकांनी विचारले नाही, म्हणून आपण त्यांना दोष देतो. आपल्या घरात तरी कोण विचारतो? रमजानचे रोजे चुकू नयेत, हजचा तवाफ अडू नये म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपणच बायकांना आणून देतो. त्याही संप्रेरकांच्याच. तेव्हा गुनाह आठवत नाही आणि रक्तदाबही तपासला जात नाही.

निकाहात वकील आणि गवाह मुलीकडे जातात, तिची ‘कबूल’ ऐकल्याशिवाय काजी पुढे सरकत नाहीत. ती रीत तेवढ्या एका दिवसापुरती ठेवण्याचे कारण नाही. पाकिटातला कागद घरात मोठ्याने वाचून दाखवावा. रक्तदाब मोजून घ्यावा. बायकोबरोबर दवाखान्यात जावे, आणि डॉक्टर तिला प्रश्न विचारू लागले की आपण उठून बाहेरच्या बाकावर बसावे.