काचघरातली फुले आणि सड्यावरची फुले

शास्त्रपाठ : मत्तय ६:२५-३४



डिचोलीतील एका घरी आमची प्रार्थनासभा होती. सभेपूर्वी त्या घरच्या ताईंनी मोबाईलवर लेकीने पाठविलेले फोटो सर्वांना दाखविले. लेक सिंगापूरला नोकरीस आहे. तेथे २०१२ साली उघडलेले ‘फ्लॉवर डोम’ नावाचे भव्य काचघर आहे व २०१३ पासून त्यात ट्यूलिपच्या फुलांचे प्रदर्शन भरत आले आहे. तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या फुलांच्या रांगा पाहून सारे हरखून गेले. आम्हांलाही वाटले, आजच्या शास्त्रपाठाला याहून चांगला दाखला कोणता? म्हणून तेच फोटो हाती धरून आम्ही बोललो की, पिता या फुलांना असा नटवितो, मग तुम्ही चिंता का करता?

‘आमेन’ झाल्यावर ताई हळूच म्हणाल्या, “भाऊ, लेक सांगत होती, बाहेर आपल्यासारखाच उकाडा आहे. आतला गारवा यंत्राचा. यंत्र थांबलं तर ही फुलं किती दिवस तगतील? आमचं यंत्र तर कधीच थांबलंय.”

आम्ही निरुत्तर झालो. ताईंच्या यजमानांचा खनिज वाहण्याचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या व २०१८ मध्ये परत थांबल्या. आता डिचोलीत काही काम सुरू झाले आहे, पण कर्जापायी विकलेला ट्रक काही परत आला नाही. घर लेकीच्या पगारावर चालते. ट्यूलिप हे थंड मुलखातले फूल. त्याच्या कंदाला थंडी मिळाल्यावाचून ते नीट फुलत नाही. असे जपलेले फूल दाखवून आम्ही त्या माउलीला उघड्यावर निश्चिंत राहण्यास सांगत होतो!

पुढे भाद्रपदात शब्बाथशाळेच्या मुलांना घेऊन आम्ही पेडणे तालुक्यातील एका सड्यावर गेलो. तेथे ‘सीतेची आसवे’ हे निळेजांभळे रानफूल उमलले होते. खाली जांभा दगड, वर बोटभर निकस माती आणि झिरपणारे पाणी. जेमतेम वीतभर उंचीच्या त्या फुलाचा फोटो उभ्याने निघेना. शेवटी आम्ही चिखलात गुडघे टेकले, तेव्हा ते नीट दिसले. मातीत पोषण अपुरे म्हणून हे रोपटे ओल्या मातीतील सूक्ष्म जीव धरून गुजराण करते. म्हणजे रानफुलालाही भूक आहे!

प्रभूने दाखविली ती अशीच उघड्यावरची फुले, आज आहेत आणि उद्या चुलीत जाणारी. तुम्हांला गरज नाही, असे तो म्हणालाच नाही. तुमची गरज पित्याला ठाऊक आहे, असे त्याने सांगितले (वचन ३२). ताईंना आम्ही हे वचन सांगितलेच नव्हते. आणि पित्याला जे ठाऊक आहे, ते त्याच्या मंडळीने विचारूही नये काय? उघड्याला नुसते ‘ऊब घे’ म्हणणाऱ्याविषयी याकोब काय लिहितो, ते पाहा (याकोब २:१५-१६).

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी उपदेश केला नाही, विचारपूस केली. धाकट्या मुलाची फी थकली होती, हे तेव्हा कळले. सहा कुटुंबांनी ती वाटून घेतली. निघताना ताईंनी स्वतःच बायबल उघडून तोच अध्याय आमच्यापुढे ठेवला. त्या दिवशी तो आम्ही वाचला नाही, त्यांनी वाचला.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा पाठ मुलांना चित्रावरून शिकवू नका. त्यांना सड्यावर न्या, गुडघे टेकायला लावा. आणि चिंतेने वाकलेल्या घरी हे वचन न्याल, तेव्हा उभ्याने बोलू नका.

प्रार्थना : हे पित्या, जे तुला ठाऊक आहे ते आमच्या शेजाऱ्याला विचारण्याची लीनता आम्हांला दे. आमेन.