उताराचा हिशेब

शर्यतीची हायब्रिड गाडी ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा साठवते आणि पुन्हा चाकाला देते. एरवी ही ऊर्जा कुठे जाते, हे बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाटात नाकाला कळते. भरलेला ट्रक उतरला की तापलेल्या ब्रेक लायनरचा जळका वास मागे राहतो. मुरलेला ड्रायव्हर म्हणूनच घाटात गाडी न्यूट्रल करत नाही. तो सेकंडवर टाकून उतरवतो आणि गाडी धरून ठेवायचे काम इंजिनावर सोपवतो. 10 टनांची गाडी 200 मीटर खाली आली, तर सुमारे 20 मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे साडेपाच युनिट वीज, अशी उष्णता होऊन हवेत जाते. घाटाखाली मलकापूर स्टेशनात मात्र वेगळा कारभार आहे. रेल्वेचे तीन-फेजचे इंजिन ब्रेक लावताना वीज वरच्या तारेत परत सोडते. शर्यतीच्या गाडीला तार नसते. तिला बॅटरी वाहावी लागते आणि बॅटरीला वजन असते.

फॉर्म्युला वनमध्ये ब्रेकची ऊर्जा साठवण्याची सोय 2009 मध्ये आली, ती बेताचीच: 60 किलोवॅटची मोटर आणि फेरीमागे 400 किलोज्यूल, म्हणजे जेमतेम साडेसहा सेकंदांची जादा ताकद. खरा बदल 2014 चा. इंजिन 1.6 लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बो लावलेले. आणि इंधनाच्या प्रवाहाला तासाला 100 किलोची मर्यादा. एवढ्या इंधनातून साधारण 1,200 किलोवॅट उष्णता मिळते. त्यातले चाकापर्यंत किती पोचवायचे, एवढाच प्रश्न उरला.

त्याचे उत्तर दोन मोटरींनी दिले. 120 किलोवॅटची पहिली मोटर इंजिनाच्या दांड्याला जोडलेली असे आणि ब्रेकमधून वीज गोळा करी. दुसरी टर्बोच्याच दांड्यावर बसवलेली होती. ड्रायव्हरने पाय दाबला आणि एक्झॉस्टचा जोर अजून यायचा असला, की ती टर्बोला आधीच फिरवून ठेवी. जोर जास्त झाला की उरलेल्यातून वीज काढी. त्यामुळे टर्बोची सुस्ती गेली आणि धुराड्यातून जाणारी उष्णता कामाला लागली. 2017 मध्ये मर्सिडीजने चाचणी-बाकावर 50 टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठल्याचे जाहीर केले. रस्त्यावरच्या पेट्रोल इंजिनाला चाळीसच्या आसपास पोचतानाही धाप लागते.

शर्यतीचे भाट सांगतात की ट्रॅक ही रस्त्याची प्रयोगशाळा आहे. पण या प्रयोगशाळेने आपले सर्वांत हुशार उपकरण 2026 च्या नियमांत स्वतःच मोडीत काढले. टर्बोवरची मोटर महाग, किचकट आणि रस्त्यावरच्या गाड्यांना फारशी उपयोगाची नाही, असे कारण दिले गेले. तिच्या बदल्यात दांड्यावरची मोटर 350 किलोवॅटची झाली आणि इंजिन सुमारे 400 किलोवॅटवर आले. आता नुसत्या ब्रेकने बॅटरी भरत नाही. सरळ पट्ट्यावरही इंजिनाला जनरेटर ओढावा लागतो. पेट्रोल जाळून वीज करायची आणि तीच पुढच्या वळणानंतर खर्चायची, हा या खिशातून त्या खिशात घालण्याचा व्यवहार आहे, आणि प्रत्येक वेळी थोडे सांडतेच.

गिअरबॉक्सची कथा याहून बोलकी आहे. 1989 मध्ये जॉन बर्नार्ड यांच्या फेरारी 640 ने गिअरचा दांडा काढून स्टिअरिंगमागे पाती बसवली आणि पहिलीच शर्यत जिंकली. आजच्या पेटीत आठ गिअर असतात. आधीचा गिअर सुटण्याच्या क्षणीच पुढचा गुंतलेला असतो, त्यामुळे ओढ तुटत नाही. पण मुळात पायऱ्या हव्यातच कशाला? 1993 मध्ये विल्यम्सने पट्ट्याचा, पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स फॉर्म्युला वन गाडीत बसवून पाहिला. डेव्हिड कूल्टहार्ड यांनी त्याची चाचणी घेतली. इंजिन सतत आपल्या सर्वोत्तम फेऱ्यांवर फिरत राही. शर्यतीत उतरण्याआधीच 1994 च्या नियमांनी ठरावीक गिअर सक्तीचे करून त्याचा निकाल लावला.

गंमत अशी, की त्याच जातीचा गिअरबॉक्स तोवर महाराष्ट्रात रुळला होता. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी 1984 मध्ये भागीदारी केली आणि बिनगिअरची कायनेटिक होंडा रस्त्यावर आली. आज कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजात स्कूटरचे डावे झाकण उघडले की तो दिसतो: दोन पुल्या, मधे रबरी पट्टा आणि वेग वाढला की बाहेर सरकून पट्टा वर चढवणारे रोलर. रोलर घासले की पिकअप जातो, हे मेकॅनिकला तोंडपाठ असते. फॉर्म्युला वनला वर्ज्य असलेले यंत्र शेतमालकीण बाजाराला जाताना वापरते. प्रयोगशाळा नेमकी कुठे आहे?

तरीही नियमांवर सगळा राग काढणे न्याय्य नाही. मुंबईची महिंद्रा 2014 पासून, पहिल्याच हंगामापासून, विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतींत आहे. त्या हंगामात सर्व संघांच्या गाड्या सारख्या आणि पाच गिअरच्या होत्या. पुढे संघांना मोकळीक मिळाली आणि मोटरीला पायऱ्यांची गरजच नसल्याने गिअर एकावर आले. तिसऱ्या पिढीच्या गाडीच्या मूळ आराखड्यात तर मागच्या चाकांवर घर्षणाचे ब्रेकच नव्हते. तिथे मोटरच ब्रेक झाली, आणि रस्त्यावरच्या विजेच्या गाडीला हेच हवे आहे. फॉर्म्युला वनची 2014 ची इंधनमर्यादाही नियमच होती आणि 50 टक्क्यांची मजल तिच्याच धाकाने मारली गेली. 2025 मध्ये मोटरशर्यतींचे नियम करणाऱ्या एफआयए या संघटनेचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी दहा सिलिंडरचे इंजिन परत आणण्याचा विषय काढला. जुन्या आवाजावर जीव टाकणाऱ्यांना हा धाकच नको आहे. फरक एवढाच, की ऊर्जेचा हिशेब मागणारा नियम यंत्र घडवतो आणि एखाद्या यंत्राचे नाव घेऊन बंदी घालणारा नियम ते मारतो.

शेवटची अडचण मात्र कोणत्याही नियमाच्या पलीकडची आहे. बुलढाण्याला बॅटरी काठोकाठ भरून विजेची बस घाट उतरू लागली, तर परत मिळणारी वीज ठेवायला तिच्यात जागाच नसते. ती ब्रेकवरच उतरते आणि तोच जळका वास पुन्हा येतो. म्हणून ट्रॅक असो वा घाट, आराखडा करणाऱ्याला आधी ठरवावे लागते की उतार लागेल तेव्हा बॅटरीत किती जागा मोकळी ठेवायची.