ऊन पाणी आणि न दिसणारे जीव

धानोऱ्यास राहून समुद्रांतील जीवांची चिंता वाहणें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. येथून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. परंतु वैशाखांत येथील एखाद्या बोडीच्या कांठीं पहाटे उभें राहिलें असतां मासे तोंड वर काढून धापा टाकतांना दिसतात, आणि त्याचें कारण ढिवरास पुस्तक न वाचतां ठाऊक असतें. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो, आणि नेमकी त्याच वेळीं जीवाची प्राणवायूची गरज वाढते. समुद्रकिनाऱ्यावरील वीजकेंद्रांचा प्रश्न आम्हांस प्रथम असा बोडीच्या कांठींच उमगला.

वाफेवर चालणाऱ्या केंद्रांत इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांशाचीच वीज होते; उरलेली बरीचशी उष्णता पाण्याच्या माथीं मारावी लागते. आमच्या चंद्रपूरचें केंद्र इरई धरणाचें पाणी घेतें व निवविण्याच्या उंच मनोऱ्यांतून त्याची वाफ होऊं देतें. जें उडून गेलें तें नदीला परत मिळत नाहीं. तारापूरला, जेथें १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें, समुद्राचें पाणी आंत घेऊन, ऊन झाल्यावर पुनः समुद्रांतच सोडण्याची रीत पडली. या रीतीनें नदी वांचते, हा गुण लहान नव्हे. पाण्यासाठीं वणवण करणाऱ्या वऱ्हाड-नागपूरकडील माणसानें तरी तिला सहज नांवें ठेवूं नयेत.

मात्र याची किंमत कोण देतो? मोठे मासे जाळीपाशीं अडतात. प्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव, आंत जातात. नळ्यांतून जातांना त्यांस ताप सोसावा लागतो, आणि आंत शिंपले-कालवें वाढूं नयेत म्हणून घातलेलें क्लोरीनही सोसावें लागतें. पुष्कळदां हें विष तापाहून अधिक घातक ठरतें. सूक्ष्म वनस्पतींची हानि लौकर भरून निघते, कारण त्या एकदोन दिवसांत दुणावतात. परंतु त्याच गर्दींत मासे, कोळंबी, खेकडे यांचीं अंडीं व पिल्लें असतात. त्यांस पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते.

आमचे एक स्नेही म्हणतात, मासा लाखों अंडीं घालतो व त्यांतून एकदोनच जगतात; मग यंत्रानें थोडीं मारलीं तर काय बिघडलें? बालमृत्यु जेथें फार, तेथें आपल्या हातून एक मूल दगावलें तर दोष कमी होतो काय, असें आम्हीं विचारलें. दृष्टान्त जरा ताणलेला होता, हें कबूल करतों. कोळंबीचें पिल्लू म्हणजे मूल नव्हे. किती मेले यापेक्षां केव्हां मेले, हा प्रश्न आम्हांस आतां मोठा वाटतो. किनाऱ्यावरील नव्या औष्णिक केंद्राचें पाणी समुद्राच्या पाण्याहून ७ अंशांपेक्षां अधिक ऊन असूं नये, असें सरकारी बंधन आहे. समुद्र २४ अंशांवर असतां ७ मिळवले तर ३१ होतात. ३० वर असतां ३७. उष्ण कटिबंधांतील जीव मुळांतच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या कांठाशीं राहतात. पहिली वाढ त्यांस पचते, दुसरी अनेकांच्या जिवावर बेतते. ऊन पाणी दूर जातां जातां निवतें हें खरें, पण मुखापाशीं असलेल्यांस त्याचा काय उपयोग? नियम पाण्याचें माप घेतो, जीवाचें घेत नाहीं.

तेव्हां मे महिन्यांत अशा केंद्रांनीं वीज कमी करावी, असें म्हणणें ओघानेंच आलें. तें लिहितांना आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता. तारांच्या जाळ्यांतून आलेली वीज चंद्रपूरची कीं किनाऱ्याची, हें कोणास सांगतां येत नाहीं. आणि मे महिन्यांत धानोऱ्यास पंखा बंद करण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.