माळ, ऊस आणि उजनीचं पाणी

करमाळा

चि. बाळास,

वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज भरलास हे वाचून फार बरं वाटलं. वन्यजीव संरक्षण कायद्याची कलमं तू पाठ करशीलच. आपल्या मुलखात त्या कायद्याचं काय झालं, ते मी सांगतो.

1979 साली सरकारनं माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केलं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि पलीकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा मिळून 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, लोकांची पिकती रानं आली. पुढच्याच वर्षी उजनी धरण पुरं झालं. म्हणजे एका खात्यानं कोरड्या माळावर जगणाऱ्या पक्ष्यासाठी हद्द आखली आणि दुसऱ्या खात्यानं त्याच मुलखात पाणी आणलं. पाणी आल्यावर शेतकरी ऊस लावणारच, त्याला बोल लावू नकोस. पण माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नांगर फिरला की संपलं. माळावर झाडं लावण्याचा उत्साहही त्याच्या मुळावर आला, कारण त्याला लांबवर नजर जाईल असं मोकळं गवत लागतं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली तशी लोकांची त्या मुक्या जिवावरच खप्पामर्जी झाली. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर फार उशीर झाला होता. मला याचं आजही वाईट वाटतं.

माळ गेला आणि उसात बिबट्याला आडोसा मिळाला. डिसेंबर 2020 मध्ये तालुक्यात माणसं बळी गेली. दिवस मावळायच्या आत रानं ओस पडायची. ऊसतोड मजूर फडात शिरायला धजत नव्हते. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला. त्याला मारायची परवानगी कलम 11 खाली फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नाही अशी खात्री झाल्यावर. ती परवानगी मिळाली आणि 18 डिसेंबरला बिटरगाव शिवारात त्याला गोळी घातली. ही अट असावी असंच माझं मत आहे. पण परवानगी येईपर्यंत चिडलेल्या, भ्यालेल्या गावापुढे उभा राहतो तो वनरक्षक. तिथे तुझी जीभ गोड आणि ओळख जुनी हवी.

आता उजनीचं. धरण 117 टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. पाणी जलसंपदाचं, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याची, पक्षी वन खात्याचे. उन्हाळ्याकडे पाणी ओसरून गाळ उघडा पडला की रोहित पक्षी उथळ पाण्यात चोची उलट्या बुडवून चरतात. म्हणजे त्यांचं पोट कालव्याच्या आवर्तनावर ठरतं. पाणी सोडणाऱ्याच्या कागदावर मात्र पक्ष्यांना रकाना नसतो. मासळीचंही तसंच. एकीकडे कटला-रोहूची बोटुकली सोडायची, दुसरीकडे बारीक आसाच्या जाळ्यांनी तीच पिल्लं उपसायची. मग पाटीत उरते ती चिलापी. यात खरा कोळीच आधी भरडला जातो, म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याबरोबर जाळी जप्त करायला जाशील तेव्हा मालक कोण आणि मजूर कोण, हे आधी विचार.

निवड झाली तर पहिल्या महिन्यातच पाटबंधारे शाखेत, तलाठ्याकडे आणि मच्छीमार सोसायटीत जाऊन ये. बोलावणं येईल म्हणून थांबू नकोस.

तुझे आजोबा